तेल, पाणी आणि आपली त्वचा

(संस्थेच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला आरोग्याविषयी काही बोलावे असे सुचविले, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही कला शाखेचे पदवीधर. पोटापाण्यासाठी बँकेत कारकुनी करतो. विज्ञानाशी आमचा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला. अशा माणसाने डॉक्टरांच्या विषयात तोंड घालावे, हे काही बरे नव्हे. परंतु एक गोष्ट आम्ही पुस्तकातून नव्हे, तर घरातून आणि किंमत मोजून शिकलो. पुस्तके नंतर वाचली. ती गोष्ट सांगण्यास हरकत नाही असे वाटले, म्हणून आपणासमोर उभे आहोत.

विषय अगदी साधा आहे. थंडी पडली की अंग उलते, हातापायांवर पांढुरके पापुद्रे दिसू लागतात, टाचांना भेगा पडतात आणि आपण तेल लावतो. त्या तेलाने नेमके काय होते? आपणापैकी बहुतेकांचे उत्तर ठरलेले असेल की, तेल कातडीत मुरते आणि कातडीला ओलावा मिळतो. वयाच्या तिशीपर्यंत आम्हीही हेच समजत होतो.

आमच्या आईने पंचवीस वर्षे चार घरची धुणीभांडी केली. सोड्याचे पाणी, राख, पुढे कपड्यांची पावडर, आणि दिवसभर ओल्या मोरीत उभे राहणे. हिवाळ्यात तिच्या बोटांच्या पेरांतून रक्त येत असे. टाचांच्या भेगा तर इतक्या खोल की लुगड्याचा काठ त्यात अडकावा. रात्री सगळे आवरले की ती पळीत तेल कोमट करी आणि आम्ही भावंडे आळीपाळीने तिच्या टाचांना चोळत असू. कितीतरी हिवाळे हा क्रम चालला. भेगा काही भरल्या नाहीत. आई म्हणे, "माझं कातडंच तसलं, त्याला तेल तरी काय करील?" आपल्या कष्टाचा दोष तिने स्वतःच्या कातडीवर घेतला होता आणि आम्हालाही ते खरेच वाटत होते.

सन २००९ च्या हिवाळ्यात तिच्या उजव्या टाचेच्या भेगेत पू झाला. तिला मधुमेह आहे हे त्या वेळेस घरात कुणालाच ठाऊक नव्हते. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, त्यामुळे तिला दुखलेच नाही आणि तिने सांगितले नाही. पायाला वास येऊ लागला तेव्हा आम्ही दवाखान्यात धावलो. पाय वाचला, पण जखम भरण्यास पाच महिने लागले. मलमपट्टी करताना डॉक्टरांनी तिला विचारले, "तेल कधी लावता?" आई म्हणाली, "झोपताना. पाय चांगले पुसून, कोरडे करून." डॉक्टर म्हणाले, "आई, तेलात पाणी नसतं. आधी पाणी, मग तेल." एवढे बोलून ते पुढच्या रुग्णाकडे वळले. आम्ही मात्र त्या वाक्यापाशी अडलो. घरी आलो, वाचू लागलो, माहितगारांना विचारू लागलो. त्यातून जे कळले ते आज सांगतो.

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर अत्यंत पातळ असतो. हाताच्या त्वचेवर तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, म्हणजे वहीच्या कागदापेक्षाही पुष्कळ पातळ भरतो. तळवे आणि टाचा येथे तेवढा तो जाड असतो. हा थर मृत पेशींचा असतो. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी आहे असे शास्त्रज्ञ सांगतात. मृत पेशी या विटा, आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे स्निग्ध पदार्थ. या चुन्यात सिरॅमाइड नावाचे मेद, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले असतात. ही भिंत शाबूत आहे म्हणून शरीरातले पाणी आत राहते. तरीही घाम आला नसताना मोठ्या माणसाच्या त्वचेतून दिवसाकाठी सुमारे ३०० ते ४०० मिलिलिटर पाणी नकळत उडून जाते. भिंतीला फटी पडल्या की हे प्रमाण वाढते.

विटांच्या आतही पाणी धरून ठेवणारे काही पदार्थ असतात. त्यांत अमिनो आम्ले, युरिया, लॅक्टेट असे पाण्यात विरघळणारे घटक येतात. हे घटक आपली त्वचाच तयार करते. या वरच्या थरात पाण्याचे प्रमाण १० टक्क्यांच्या खाली गेले की तो कडक होतो, तडकतो. त्यालाच आपण 'अंग उलले' म्हणतो.

मग या थराला मऊ कोण ठेवते, तेल की पाणी? अमेरिकेतील आयर्विन ब्लँक या संशोधकाने याचे उत्तर १९५२ साली प्रसिद्ध केले. त्यांनी त्वचेच्या वरच्या थराचे वाळलेले, कडक तुकडे घेतले. काही तेलात ठेवले, काहींना पाणी मिळू दिले. तेलातले तुकडे कडकच राहिले. पाणी मिळालेले तुकडे लवचीक झाले. म्हणजे मऊपणा पाण्यामुळे येतो.

विद्यार्थी मित्रांनो, हे आम्ही सांगतो म्हणून मानू नका, स्वतः करून पाहा. पायाच्या अंगठ्याच्या नखाचे कापलेले दोन तुकडे घ्या. नखही वरच्या थराप्रमाणे केराटिनचेच बनलेले असते. एक तुकडा वाटीभर पाण्यात आणि दुसरा वाटीभर तेलात रात्रभर ठेवा. सकाळी दोन्ही वाकवून पाहा. पाण्यातला वाकेल, तेलातला वाकणार नाही. आंघोळीनंतर नखे सहज कापली जातात हे आपण सर्वांनी अनुभवले आहे, परंतु त्यातून मिळणारा धडा आपण टाचेला लावला नाही.

मग तेलाचा उपयोगच नाही काय? आहे, आणि मोठा आहे. आम्ही आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. त्वचा हे एक खाते समजा. पाणी ही त्यातली शिल्लक. हवेत उडून जाणारे पाणी ही रोजची उचल. तेल लावणे म्हणजे खात्यात भरणा करणे नव्हे. तेल ही उचलीवर घातलेली मर्यादा आहे. खात्यात शिल्लक असताना ही मर्यादा घातली तर शिल्लक टिकते. रिकाम्या खात्यावर मर्यादा घालून काय साधणार? आमच्या आईच्या टाचा आम्ही वर्षानुवर्षे कोरड्या करून तेल चोळीत होतो, म्हणजे रिकाम्या खात्याची राखण करीत होतो.

तेल लावल्याबरोबर पांढुरकेपणा जातो आणि त्वचा तुकतुकीत दिसते, त्यामुळे आपली फसगत होते. सुटलेल्या पापुद्र्यांवरून प्रकाश विखुरतो म्हणून आपली सावळी कातडी राखाडी दिसते. तेल त्या पापुद्र्यांमधल्या जागा भरते आणि ते विखुरणे थांबते. तो तत्काळ दिसणारा फरक प्रकाशाचा असतो, पाण्याचा नव्हे. पाण्याचा फरक पडण्यास वेळ लागतो. आणखी एक गैरसमज असा की तेल हाडापर्यंत मुरते. लावलेले तेल बहुतांशी त्या वरच्या पातळ थरातच राहते. आपल्याला तरी कुठे त्याहून खोल जायचे आहे? काम तिथेच आहे.

आता दुसरा प्रश्न. सगळी तेले सारखीच काय? येथेही आपल्याकडे मतांचा सुकाळ आहे. कुणी मोहरीचे म्हणतो, कुणी खोबरेल, कुणी तिळाचे. हा प्रश्न उलगडण्यास सुरुवात झाली ती उंदरांपासून. अमेरिकेतील जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या पतिपत्नींनी १९२९ साली प्रसिद्ध केले की स्निग्धांश मुळीच नसलेला आहार दिलेल्या उंदरांची कातडी खवल्यांसारखी होते. ते उंदीर पाणी खूप पीत, परंतु त्या मानाने लघवी वाढत नसे. मग पाणी जाई कुठे? कातडीवाटे. पुढे कळले की लिनोलिक नावाचे मेदाम्ल आहारात नसले तर त्या भिंतीचा चुना नीट बनत नाही. हे मेदाम्ल आपले शरीर स्वतः बनवू शकत नाही.

हेच मेदाम्ल बाहेरून लावले तर? आतड्याच्या विकारामुळे अन्नातील मेद पचत नसलेल्या रुग्णांवरचा एक अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध झाला. सूर्यफुलाचे तेल चोळलेल्या हाताची त्वचा सुधारली आणि तिच्यातून उडणारे पाणी कमी झाले. ऑलिव्हच्या तेलाने तसा गुण आला नाही. सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलात लिनोलिक आम्ल सुमारे ६० टक्के असते. ऑलिव्हमध्ये ओलिक नावाच्या वेगळ्या मेदाम्लाचा भरणा असतो, आणि ओलिक आम्ल चुन्याची घडी विस्कटते.

सन २०१३ मध्ये इंग्लंडमधील शेफील्डच्या संशोधकांनी प्रौढ माणसांच्या हातांवर हेच तपासले. दिवसातून दोनदा सहा-सहा थेंब तेल, एका हाताला ऑलिव्हचे, दुसऱ्याला सूर्यफुलाचे, असे चार आठवडे चालले. ऑलिव्हच्या तेलाने त्वचेची भिंत कमकुवत झाली आणि किंचित लाली आली. सूर्यफुलाच्या तेलाने भिंत शाबूत राहिली आणि ओलावा वाढला. परदेशी, महागडे म्हणून ऑलिव्ह तेलाच्या बाटल्या बाळंतिणीला भेट देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आपल्या महाराष्ट्राच्या दृष्टीने यात एक आनंदाची गोष्ट आहे. सोलापूर आणि मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत रब्बीला येणारी आपली करडई! करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल सूर्यफुलाहूनही अधिक, सुमारे ७० ते ७५ टक्के असते. ज्यांच्या आजोबांनी करडईच्या काट्यांतून हात घातले, त्यांच्या नातवंडांनी बाटलीवरचे परदेशी नाव पाहून तेल घ्यावे, याला काय म्हणावे?

कोकणातल्या मंडळींनी खट्टू होण्याचे कारण नाही. खोबरेल तेलात लिनोलिक आम्ल फारच थोडे, परंतु त्याचा अनुभव चांगला आहे. सन २००४ मध्ये फिलिपाइन्समधील एका अभ्यासात कोरडी त्वचा असलेल्या ३४ रुग्णांच्या पायांना दोन आठवडे तेल लावले. खोबरेल तेल आणि खनिज तेल दोन्हींनी ओलावा सारखाच वाढला. तेथेच २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इसब असलेल्या ११७ मुलांवर आठ आठवडे उपचार झाले आणि खोबरेल तेल खनिज तेलापेक्षा सरस ठरले. मात्र ज्या मुलामुलींच्या चेहऱ्यावर मुरुमे येतात त्यांनी ते चेहऱ्यावर लावू नये, त्याने छिद्रे बुजतात. कोंडा असलेल्या डोक्यालाही तेल थापू नये. कोंड्याशी संबंधित बुरशी तेलातल्या मेदाम्लांवरच वाढते.

माता-भगिनींसाठी तान्ह्या बाळाविषयी थोडे सांगतो. ढाक्याच्या बाल रुग्णालयात ३३ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने लावण्यात आले. सन २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेल लावलेल्या बाळांमध्ये रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी आढळला. २००८ च्या लेखात मृत्यूचे प्रमाणही २६ टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले. त्वचेची भिंत ही केवळ सौंदर्याची बाब नाही, ती कधी कधी जीव वाचविते. त्याआधी २००२ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात सूर्यफुलाच्या तेलाने बिघडलेली भिंत लवकर सावरली, तर मोहरीच्या तेलाने ती सावरण्यास उलट उशीर लागला.

परंतु पुरे दिवस भरलेल्या निरोगी बाळाचे तसे नाही. मँचेस्टर येथे अशा ११५ बाळांवर केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ऑलिव्ह वा सूर्यफूल, कोणतेही तेल लावले तरी ओलावा वाढला, पण तेल न लावलेल्या बाळांच्या मानाने त्वचेतील चुन्याची घडी बसण्याचे काम मागे पडले. तेव्हा निरोगी बाळाला तेलात बुडवून काढण्याची गरज नाही. हलका हात, थोडे तेल पुरे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जे करायचे ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. आणि बाळाच्या नाकात, कानात तेल कधीही घालू नये. नाकात घातलेले तेल फुप्फुसात उतरून गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. आजीबाईंचा मान राखूनच आम्ही हे म्हणतो, पण म्हणतो.

आता प्रत्यक्ष काय करावे ते थोडक्यात सांगतो. आंघोळीला कोमट पाणी घ्यावे, कढत नको. कढत पाणी आणि साबण दोन्ही तो चुना धुऊन नेतात. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि साधा साबण अल्कधर्मी असतो, म्हणून काखा, जांघा, पाय, जिथे घाण साचते तिथेच रोज साबण लावावा. फार वेळ पाण्यात बसू नये, कारण पाणी धरून ठेवणारे घटकही पाण्याबरोबर निघून जातात. अंग टिपून घ्यावे, खसाखसा पुसू नये. आणि अंग अजून दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, तेलाचा पातळ हात फिरवावा. भांडी घासणाऱ्या, धुणे धुणाऱ्या भगिनींनी काम संपल्यावर हात धुऊन, ओलसर असतानाच दोन थेंब तेल लावावे. टाचेच्या जाड कातडीला नुसते तेल अनेकदा पुरत नाही. तिथे ग्लिसरीन किंवा युरिया असलेले मलम उपयोगी पडते, कारण ते पाणी धरून ठेवते. वर पेट्रोलियम जेलीचा थर द्यावा. पाणी अडविण्याच्या कामी ती कोणत्याही वनस्पती तेलापेक्षा वरचढ आहे. यांतली कोणतीही वस्तू महाग नाही.

हेही पडताळून पाहता येईल. दोन आठवडे डाव्या नडगीला कोरडेपणी तेल लावा आणि उजव्या नडगीला आंघोळीनंतर लगेच. रोज सकाळी नखाने हलकी रेघ ओढून कोणत्या पायावर पांढरी रेघ उमटते ते वहीत टिपून ठेवा.

शेवटी, जे तेलाने होत नाही तेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. अंगावर फिकट वा लालसर चट्टा आहे, तिथे घाम येत नाही आणि स्पर्श कळत नाही, तर तो कोरडेपणा समजून तेल चोळीत बसू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. तो औषधाने पूर्ण बरा होतो आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध मोफत मिळते. घरातल्या सगळ्यांनाच रात्री खाज सुटते, तर ती खरूज असू शकते. तेलाने खरूज जात नाही. मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री पायांचे तळवे पाहावेत, स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांनी पाहावेत. तेल बोटांच्या बेचक्यांत लावू नये, तिथे ओल राहून बुरशी धरते. आणि तरुण मुलींनो, गोरे करणारी म्हणून दुकानात मिळणारी काही मलमे स्टिरॉइडची असतात. त्यांनी त्वचा पातळ होते. कातडीचा रंग हा रोग नव्हे. त्याला उपचाराची गरज नाही.

बंधू-भगिनींनो, आमची आई आज पंचाहत्तरीला आली आहे आणि समोर दुसऱ्या रांगेत बसली आहे. आता आम्ही रोज संध्याकाळी तिचे पाय कोमट पाण्याने धुतो, टिपतो आणि ओलसर असतानाच करडईचे तेल लावतो. गेल्या कित्येक हिवाळ्यांत तिच्या टाचेतून रक्त आलेले नाही. तिचे कातडे कधीच 'तसले' नव्हते. तिला सांगणारे कुणी नव्हते, आणि आम्ही शिकलेले असून विचारीत नव्हतो. आपणही आज घरी गेल्यावर आपापल्या आईच्या टाचा एकदा पाहाव्यात, एवढीच आमची विनंती आहे.